लागलेल्या घरात राहावं का?

१४ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत म्हाडाच्या ४,०८२ घरांची सोडत निघाली. लाखाहून अधिक माणसं नशीब लावून बसली होती. त्या यादीतलं सगळ्यात महाग घर ताडदेवच्या क्रिसेंट टॉवरमधलं, किंमत साडेसात कोटींच्या वर. ते लागलं आमच्या मराठवाड्यातल्या आमदारांना, बदनापूरच्या नारायण कुचे यांना. प्रतीक्षा यादीत नाव होतं तेव्हाचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड यांचं, म्हणजे तेही इकडचेच. पुढे कुचे यांनी घर परवडत नसल्याचं सांगून ते म्हाडाला परत केलं. लोक दोन्ही वेळा बोलले. लागलं तेव्हा म्हणाले, आमदाराला कशाला हवं म्हाडाचं घर? परत केलं तेव्हा म्हणाले, दैव देतं अन् कर्म नेतं.

पहिल्या प्रश्नात दम आहे, त्याचं उत्तर म्हाडाने द्यावं. दुसरा टोमणा मात्र मला अजिबात पटत नाही. आमदार असो की अर्धापूरच्या बाजारपट्टीतला शिंपी, लागलेलं घर आपल्याला पेलत नाही हे ओळखून ज्याने वेळेत परत केलं, त्याने शहाणपणाचं आणि सभ्यपणाचंही काम केलं. आपल्याकडे नेमकं उलट मानतात. नशिबाने आलेलं नाकारलं की माणूस करंटा ठरतो. घेऊन कुलूप घातलं की व्यवहारी ठरतो. मला हा हिशेब उलटा मांडायचा आहे.

नांदेडजवळच्या आमच्या अर्धापुरात बसून याचा विचार करायला कारण आहे. इथली पोरं पुण्याकडे गेलेली आहेत; कुणी चाकणला, कुणी भोसरीत, कुणी हिंजवडीला. महाराष्ट्राचा अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा असला की म्हाडाच्या कुठल्याही मंडळाच्या सोडतीत अर्ज करता येतो. आपण छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या हद्दीत राहतो म्हणून पुणे किंवा कोकण मंडळाचा दरवाजा बंद होत नाही. त्यामुळे ऑनलाइन सेंटरवर पीक विम्याच्या अर्जाशेजारी म्हाडाचाही अर्ज भरला जातो. भरणाऱ्याच्या मनात फार काही नसतं. लागलं तर लागलं. आणि मग एखाद्याला खरंच लागतं, मोबाइलवर संदेश येतो, पेढे वाटले जातात आणि आठ दिवसांत घरातली बैठक बसते. बाप म्हणतो, केळीच्या बागेचं कोण बघणार? थोरला म्हणतो, घेऊन ठेवू, भाड्याने देऊ. मामा म्हणतात, पाच वर्षांनी दुप्पट होईल. ज्या सुनेला त्या घरात संसार करायचा आहे ती आत चहा करत असते.

'बक्षीस' म्हणून मिळालेलं घर आणि सोडतीत लागलेलं घर यांत फरक आहे, तो आधी सांगून टाकतो. वर्तमानपत्राची कुपनं चिकटवून किंवा दुकानाच्या बंपर सोडतीत फ्लॅट लागला, तर ते बक्षीस. त्यावर आयकर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. नेहमीची करमुक्त मर्यादा, वजावट, सूट, यातलं काही चालत नाही. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याशिवाय ते ताब्यातच देता येत नाही. म्हणजे ४० लाखांचं घर लागलं तर आधी १२ लाख ४८ हजार रुपये उभे करायचे. फुकटच्या घरासाठी शेताचा तुकडा विकायची वेळ ती हीच. म्हाडाच्या घराला हा कर नाही, कारण ते बक्षीसच नाही; पूर्ण किंमत मोजून ते विकत घ्यायचं असतं. नशिबाने मिळते ती फक्त रांगेतली जागा. तरीही आपण दोन्हींना एकच क्रियापद लावतो आणि एकाच डोळ्यांनी बघतो, म्हणून या लेखात मीही त्यांना फार वेगळं काढत नाही.

दिलेलं घर आणि राहण्याचं घर यांतलं अंतर किती असतं, याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कडू अनुभव आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत भूकंपाने जे घडवलं ते सांगायला नको. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं टनावारी ओझं, हेच घर माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी हलवली. त्या घरांना बक्षीस म्हणणं क्रूरपणाचं होईल. पण न मागितलेलं, न बांधलेलं, जागा स्वतः न निवडलेलं घर हातात आलं की काय होतं, हे समजून घ्यायला याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

नव्या घरांचं क्षेत्रफळ जमिनीच्या धारणेवर ठरलं: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. आमच्याकडे घर खणांत मोजतात. किती खणांचं माळवद, यावर घराण्याची पत कळते. ढाळज, ओसरी, भिंतीतलं बळद, परसात न्हाणी, गोठा, कडब्याची गंज, या सगळ्याला मिळून घर म्हणायचं. कागदावर ४५० चौरस फूट बसले, कडबा कुठे बसला? जनावरं कुठे बांधायची? नव्या गावांचे रस्ते शहरासारखे सरळ, काटकोनात. गाव जुन्यापेक्षा कितीतरी पसरलेलं. हाक मारली की भाऊकी गोळा व्हायची, ती आता चार गल्ल्या पलीकडे गेली. शेत लांब पडलं, तसा आखाड्यावरचा मुक्काम वाढला. सिमेंटच्या छताखाली झोपायची भीती तर कितीतरी दिवस गेली नाही. पक्क्या घराबाहेर पत्रे टाकून लोक त्याखाली झोपत. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना याचं आश्चर्य वाटायचं. एवढं चांगलं घर दिलं तरी हे लोक बाहेर कसे?

यात कृतघ्नपणा नव्हता. ज्यांची माणसं छताखाली गेली त्यांना छताची भीती वाटणं आणि ज्यांची गुरं आहेत त्यांना गोठा हवा असणं, दोन्ही सरळ गोष्टी आहेत. पुढे लोकांनी त्या घरांना पत्र्याची ओसरी जोडली, मागे चूल मांडली, कडेने भिंत घातली, तेव्हा कुठे ती त्यांची झाली. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात लाखाहून अधिक घरं अशी होती, जी लोकांनी सरकारी मदत आणि तांत्रिक सल्ला घेऊन आपल्याच जागी स्वतः दुरुस्त केली किंवा बांधली. त्यांची चर्चा कमी झाली, कारण तिथे उद्घाटनाची फीत कापायला गाव नव्हतं. माझ्या मते त्या भूकंपातून शिकण्यासारखी गोष्ट त्या दुसऱ्या घरांत जास्त आहे. जिथे जागा आणि आराखडा माणसाच्या हातात राहिला, तिथे 'राहायचं का' हा प्रश्नच उठला नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांचं उदाहरण याच्या पुढचं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तो रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. कामगारांना त्या जमिनीतल्या वाट्यातून घरं मिळायला २०१२ उजाडलं. सोडती २०१२, २०१६ आणि २०२० मध्ये झाल्या. घर २२५ चौरस फुटांचं. डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन इथल्या २,४१७ घरांची सोडत झाली, किंमत ६ लाख. लागलं म्हणून आनंद झाला आणि चावी मिळायला वर्षं गेली. मधल्या काळात तीच घरं करोनाच्या विलगीकरणासाठी घेतली गेली, मग दुरुस्ती आली. तोवर कामगार सत्तरीच्या पुढे. तो रत्नागिरीत किंवा साताऱ्यात गावी परतलेला. घराशेजारची गिरणी नाही, मित्र नाहीत, लोकलमध्ये चढउतार करण्याचे पाय नाहीत. त्या घरात त्याने राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जुलै २०२५ मध्ये हेच कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर बसले. त्यांना कर्जतजवळच्या शेलूत आणि अंबरनाथ तालुक्यातल्या वांगणीत घरं देऊ केली जात होती. त्यांचं म्हणणं एकच, घर द्यायचं तर मुंबईत द्या. यावर अनेक सुशिक्षित लोक चिडतात. स्वस्तात घर मिळतंय, तर घ्यायला काय झालं? पण घराची किंमत चौरस फुटांत असते आणि त्याचा उपयोग अंतरात असतो. ज्याला हे मान्य नाही त्याने विरार-बोळींजला जाऊन यावं. कोकण मंडळाने तिथे हजारो घरं बांधली आणि वर्षानुवर्षं ती खपली नाहीत. पाणी नव्हतं, अंतर होतं, आसपासच्या बाजारातही त्याच भावात घर मिळत होतं. अखेर सोडत सोडून 'येईल त्याला' अशी विक्री करावी लागली. मुंबई मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या २,०३० घरांच्या सोडतीतही चारशेहून अधिक विजेत्यांनी घरं नाकारली. एवढे सगळे लोक करंटे नसतात.

जागेची ही अक्कल कधी कधी भलत्याच ठिकाणी दिसते आणि आपण तिला हसतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. पुढे त्याच्या वडिलांनी बक्षिसाच्या रकमेबद्दल नाराजी दाखवली आणि बालेवाडीच्या क्रीडा संकुलाजवळ फ्लॅट मागितला. रकमेवरून वाद घाला, मला त्यात पडायचं नाही. पण त्यांनी 'पुण्यात कुठेही' म्हटलं नाही, सरावाच्या जागेजवळ म्हटलं. घर कशासाठी हवं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. (आपल्या राज्याचा जुना हिशेब वेगळा होता. १९५२ च्या हेलसिंकीला खाशाबा जाधवांना पाठवायचं तर पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. पदकानंतर घर मिळण्याच्या गोष्टी फार अलीकडच्या.)

आता बैठकीतल्या थोरल्याचं म्हणणं घेऊ, कारण तेच बहुतेकांना पटतं. राहायचं नसेल तर राहू नका, पण घेऊन तर ठेवा. भाड्याने द्या, नंतर विका. यात एक अडचण कायद्याची आहे. म्हाडाचं घर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं विकता येत नाही आणि भाड्याने द्यायचं तर म्हाडाची परवानगी लागते. पण कायद्याची अडचण माणसं ओलांडतात. तोंडी व्यवहार होतात, मुखत्यारपत्रं होतात, पुढे कोर्टकचेऱ्या होतात. दुसरी अडचण हिशेबाची. कर्जाचा हप्ता, दर महिन्याचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, आणि तिकडे रिकाम्या घराला गळती लागली की सोसायटीचा फोन. नांदेडहून मुंबईला तपोवनने गेलं तरी दिवस जातो. केळीची पट्टी वेळेवर आली तर हप्ता जाईल, नाही आली तर? अर्धापूरच्या शेतकऱ्याला भावाचा भरवसा किती असतो हे इथे सांगायची गरज नाही.

तिसरी अडचण या दोन्हींपेक्षा मोठी आहे. सोडतीतलं घर हे बाजारातलं घर नाही. सरकारी जमीन, सार्वजनिक पैसा, उत्पन्न गटाची अट, आणि रांगेत मागे हजारो माणसं. ते घर घेऊन कुलूप लावणं म्हणजे एका कुटुंबाला भाड्याच्या खोलीत ठेवून आपली गुंतवणूक वाढवणं. आपल्या गावात एखाद्याने घरकुल योजनेतून घर घेतलं आणि त्यात शेळ्या बांधल्या, तर सगळा गाव नावं ठेवतो. तोच गाव पुण्यातल्या कुलूपबंद म्हाडा फ्लॅटला मात्र हुशारी म्हणतो. मला या दोन गोष्टींत फरक दिसत नाही. उलट शेळ्यांना तरी निवारा मिळतो.

मग कुणी म्हणेल, नशिबावर मिळालेल्या गोष्टीला एवढी नीती कशाला? फुकटचं पचत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहेच. त्यामुळे काही भाविक माणसं असं घर घ्यायलाच बिचकतात. ही भीतीही मला मान्य नाही. नशिबाने मिळालेलं लाजिरवाणं असेल तर अर्ध्या अर्धापूरने मान खाली घालावी लागेल. या तालुक्यात केळीच्या बागा दिसतात त्या कालव्याच्या पाण्यामुळे. इसापूर धरणाचं पाणी इकडे वळलं, म्हणून आमच्या बापजाद्यांच्या कोरडवाहू रानाला सोन्याचा भाव आला. लोहा, कंधार, मुखेडच्या माळावरचा शेतकरी आमच्यापेक्षा कमी कष्ट करतो का? त्याच्या रानाशेजारून कालवा गेला नाही, एवढाच फरक. आणि ज्या गावांची जमीन इसापूरच्या पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी तीच सोडत उलटी निघाली. जन्माने लागलेली जमीन पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याने सोडतीत लागलेल्या फ्लॅटवर नाक मुरडू नये. नशिबाची लाज नको. फक्त नशिबाने आलेली गोष्ट वापरात ठेवण्याची जबाबदारी आपली. कालव्याचं पाणी घेऊन रान पडीक ठेवणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. त्या घरात रोज चूल कोण पेटवणार? नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. चाकणला कामाला असलेला मुलगा, त्याची बायको, शाळेत जाणारी पोरं, अशी नावं सांगता आली तर घर बिनदिक्कत घ्यावं आणि उद्याच्या उद्या राहायला जावं. मग बापाने 'माती सुटत नाही' असं म्हणून अडवू नये. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत मातीची ओढ बहुतेक वेळा पुरुषांच्या तोंडी ऐकू येते. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला जाणं त्यांच्या वाट्याला येतं हे खरं, पण हंडे, सासर, जाऊबाई, आणि मुलीच्या बारावीनंतर नांदेडला रोज जाणारी एसटी, हे बायकांच्या वाट्याला येतं. पुण्यातलं साडेतीनशे चौरस फुटांचं घर तिला मोकळं वाटू शकतं, आपल्याला ते कोंदट वाटत असलं तरी. तेव्हा बैठकीत पहिलं मत तिचं घ्यावं. चहा झाल्यावर नव्हे, आधी.

उलट, आईवडिलांना उचलून तिकडे नेण्याचा विचार असेल तर दहा वेळा थांबावं. सत्तरीतल्या माणसाला नवव्या मजल्यावर ठेवणं म्हणजे त्याचं गाव, देऊळ, चावडी, दवाखान्यातला ओळखीचा डॉक्टर, सगळं एका लिफ्टवर टांगणं. किल्लारीच्या नव्या गावांत म्हाताऱ्यांनी काय गमावलं ते आठवावं. तिथे तर गावासकट हलवलं होतं, इथे एकट्याला हलवायचं आहे. मुलगा पुण्यात राहील, आईबाप अर्धापुरात राहतील आणि दिवाळीला एकत्र येतील, यात घर मोडत नाही. मोडतं ते सक्तीने.

आणि चूल पेटवणारं कुणाचंच नाव सुचत नसेल, 'बघू पुढे' एवढंच उत्तर असेल, तर घर परत करावं. ही नामुष्की नाही. उत्पन्न गटाच्या मर्यादेत कसाबसा बसणारा माणूस जेव्हा न झेपणारं घर सोडतो, तेव्हा त्याने कर्जात बुडण्यापासून स्वतःला आणि ताटकळण्यापासून दुसऱ्याला वाचवलेलं असतं. सरकारने यात आपला वाटा उचलावा. परत आलेलं घर वर्षभर धूळ खात न पडता पुढच्याला महिन्याभरात मिळालं पाहिजे. नोकरी कुठे आहे हे न बघता घर कुठे शिल्लक आहे एवढंच बघून योजना आखणं बंद झालं पाहिजे. शेलू, वांगणी आणि बोळींज पुरेसे झाले. आणि पाच वर्षं विक्रीबंदी ठेवायचीच असेल, तर त्या पाच वर्षांत घरात कुणी राहतंय का हेही तपासावं. विकणाऱ्याला बंदी आणि कुलूप लावणाऱ्याला मोकळीक, हा नियम अर्धवट आहे.

अर्ज भरायला सेंटरवर जाणाऱ्यांना एवढीच विनंती. अनामत भरण्याआधी घरात विचारा, लागलं तर कोण जाणार? उत्तर नसेल तर अर्ज भरू नका. भरला, लागलं आणि मग जमत नाही असं दिसलं, तर म्हाडाकडून पहिलं पत्र येईल त्यालाच नकार कळवा. शेवटच्या मुदतीची वाट पाहू नका. प्रतीक्षा यादीतला माणूस तोवर भाडं भरत असतो.